घरातला पडदा आणि पडद्यामागचे घर

छताला मोटर लावून एक कापडी पडदा टांगायचा, व्हिडिओ कॉलची वेळ झाली की बटण दाबून तो आपल्या पाठीमागे खाली सोडायचा आणि बोलणे संपले की पुन्हा गुंडाळून टाकायचा, ही कल्पना प्रथम ऐकणाऱ्याला हास्यास्पद वाटण्याचा संभव आहे. पाऊण तासाच्या बैठकीसाठी एवढा खटाटोप कशाला, भिंत आहे ती काय वाईट आहे, असा प्रश्न कोणीही विचारील. हा हौशी लोकांचा, फावल्या वेळेचा उद्योग आहे, असेही पुष्कळांना वाटते. परंतु हा प्रश्न विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या घरात कामासाठी एक स्वतंत्र खोली असते, आणि त्या खोलीला दार असते, ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ज्याच्या घरात असे दार नाही, त्याच्यासाठी हा पडदा म्हणजे चैन नव्हे. तो दाराचा पर्याय आहे.

घराची रचना आपल्याकडे शतकानुशतके एका समजुतीवर उभी होती. परक्या माणसाने कुठपर्यंत यावे, हे घराच्या आखणीतच ठरलेले असे. वसुलीसाठी आलेला माणूस अंगणात उभा राही, ओळखीचा ओसरीवर टेके, जवळचा असेल तर तो माजघरापर्यंत येई, आणि स्वयंपाकघर व परसू ही घरच्यांची. ही व्यवस्था सर्वस्वी निर्दोष होती असे कोणी म्हणणार नाही. तिच्यात सोवळेओवळे होते, जातिभेद होता, आणि घरातल्या स्त्रीला आत कोंडून ठेवण्याची सोयही होती. पण आल्यागेल्याला घराचा किती भाग दाखवायचा हे घरच्यांनी ठरवायचे, ही त्यातली एक गोष्ट मात्र सोडून देण्यासारखी नव्हती. पुढे माणसे वाड्यांतून चाळींत आली. मुंबईतील बी. डी. डी. चाळींची खोली १६० चौरस फुटांची. तेवढ्यात ओसरी, माजघर आणि शेज ही तिन्ही बसवायची होती. तेव्हा लोकांनी एक दोरी बांधली, तिच्यावर जुने लुगडे किंवा चादर टाकली आणि खोलीचे दोन भाग केले. नवे लग्न झालेल्या जोडप्याचा संसार त्या चादरीच्या पलीकडे सुरू झाला आणि दहावीच्या मुलाचा अभ्यास अलीकडे. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ३७ टक्के कुटुंबे एकाच खोलीच्या घरात राहत होती. तेव्हा घरातल्या घरात पडदा टांगण्याची कला आपल्याला कोणी परदेशातून शिकवावी लागलेली नाही.

नवी आहे ती अडचण. व्हिडिओ कॉलवर येणारा पाहुणा ओसरीवर थांबत नाही. तो थेट माजघरात, कधी कधी तर अंथरुणाच्या उशाशी येऊन बसतो, आणि त्याला तिथे आणून बसवण्याचा निर्णय घरच्यांचा नसतो. तो कार्यालयाचा असतो, महाविद्यालयाचा असतो, मुलाखत घेणाऱ्या कंपनीचा असतो.

माणसांना ही गोष्ट रुचणार नाही हे फार पूर्वी दिसून आले होते. अमेरिकेतील ए. टी. अँड टी. या दूरध्वनी कंपनीने १९६४ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात 'पिक्चरफोन' नावाचे, बोलणाऱ्याचे चित्र दाखवणारे यंत्र मांडले. १९७० साली पिट्सबर्ग शहरात त्याची व्यापारी सेवाही सुरू झाली. महिन्याचे भाडे १६० डॉलर होते आणि ते फार होते, हे खरे. पण केवळ महागाईमुळेच ती योजना कोसळली असे नव्हे. फोन वाजला की आपण कोणत्या अवस्थेत आहोत, केस विंचरले आहेत की नाहीत, मागे काय पसरले आहे, याचा विचार करायला लागणे हीच लोकांना कटकट वाटली. त्यानंतर यंत्रे स्वस्त झाली, तारांची जागा इंटरनेटने घेतली, तरीही बहुसंख्य लोक कामाचे बोलणे आवाजावरच भागवीत राहिले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि जे अर्धे शतक कोणाला स्वखुशीने नको होते, ते आठवड्याभरात सर्वांवर येऊन पडले. शिक्षकांनी स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभे राहून त्रिकोणमिती शिकवली. एप्रिल २०२० मध्ये राजस्थान उच्च न्यायालयात एक वकील बनियनवर हजर झाले म्हणून न्यायमूर्तींनी जामिनाची सुनावणी पुढे ढकलली. त्या वकिलांचे समर्थन करण्याचे कारण नाही. पण न्यायालयाची इमारत, तिथला काळा कोट, मध्ये घातलेला लाकडी कठडा, ही सगळी व्यवस्था माणसाला आपोआप सावरून बसायला लावते, आणि घर माणसाला आपोआप सैल करते, ही साधी गोष्ट त्या प्रसंगाने उघड केली.

त्याच्या तीन वर्षे आधी, मार्च २०१७ मध्ये, दक्षिण कोरियातील बुसान येथे राहणारे राज्यशास्त्राचे प्राध्यापक रॉबर्ट केली हे बी. बी. सी. वर मुलाखत देत असताना त्यांची दोन मुले मागचे दार उघडून खोलीत शिरली आणि पाठोपाठ त्यांच्या पत्नीने धावत येऊन, वाकून, जवळजवळ रांगत त्या मुलांना ओढून नेले. सारे जग हसले. त्या बाईंना पुष्कळांनी मोलकरीण किंवा दाई समजून घेतले, हा त्या हसण्याचा फारसा शोभादायक नसलेला भाग होता. आपल्या घरांतून त्यानंतर रोज हेच घडत आले आहे, फक्त त्याचे चित्रण जगभर फिरले नाही. नवऱ्याची बैठक चालू असली की बायकोने चौकटीबाहेरून, भिंतीला चिकटून मोरीकडे जायचे. मुलीचा तास चालू असला की आजोबांनी सदरा घालून बसायचे किंवा गॅलरीत जाऊन उभे राहायचे. ज्याचा कॉल आहे तो निदान पगार तरी घेतो किंवा पदवी तरी मिळवतो. बाकीच्यांनी आपल्याच घरात चोरासारखे वावरायचे, त्याचा मोबदला कोणता?

यावर तंत्रज्ञांनी एक तयार उत्तर देऊन ठेवले आहे. पडदा कशाला, संगणकच तुमच्यामागची खोली पुसून टाकतो, किंवा तिच्या जागी समुद्रकिनारा, ग्रंथालय, काचेचे कार्यालय जे हवे ते आणून ठेवतो. हे उत्तर सोयीचे आहे, फुकट आहे, आणि ज्यांच्याकडे नवा संगणक आहे त्यांचे त्यावर भागतेही. पण त्याच्यात दोन-तीन दोष आहेत आणि ते किरकोळ नाहीत. माणूस कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते हे यंत्राला प्रत्येक क्षणी नव्याने ठरवावे लागते. त्यासाठी संगणकाला सतत राबावे लागते. कारकुनाच्या घरचा सात वर्षांचा लॅपटॉप या कामाने तापतो, त्याचा पंखा घरघरतो आणि आवाज तुटू लागतो. शिवाय यंत्राचा हा निर्णय पुष्कळदा चुकतो. शिक्षकाने हातात पुस्तक धरून दाखवले की पुस्तक अदृश्य होते, फळ्यासारखी धरलेली पाटी अर्धी नाहीशी होते. सप्टेंबर २०२० मध्ये कॅनडातील शिक्षणक्षेत्रातल्या एका गृहस्थाने एक प्रकार जगासमोर मांडला. त्यांचे कृष्णवर्णीय सहकारी बनावट पार्श्वभूमी लावून बोलू लागले की यंत्र त्यांचे डोकेच पुसून टाकी. यंत्राला ते डोके म्हणजे मागच्या भिंतीचा भाग वाटत होते. गोऱ्या चेहऱ्यांवर शिकवलेल्या यंत्राने काळ्यासावळ्या माणसाला पार्श्वभूमीत ढकलावे, यावर वेगळे भाष्य करण्याची गरज नाही. कापड असा भेद करीत नाही.

आणखीही एक मुद्दा आहे. बनावट ग्रंथालय पाठीशी लावून बसणाऱ्या माणसाविषयी पाहणाऱ्याच्या मनात नकळत एक शंका उत्पन्न होते. साध्या कापडापुढे बसलेल्या माणसाविषयी ती होत नाही, कारण कापड आपण कापड आहोत हे लपवीत नाही. मराठी प्रेक्षकाला हा फरक समजावून सांगण्याची आवश्यकता नसावी. संगीत नाटकांच्या भरभराटीच्या काळात राजवाड्यांचे, उपवनांचे, रस्त्यांचे रंगवलेले पडदे सर्रास असत. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे बंधू १९१० नंतरच्या काही वर्षांत अशा पडद्यांसाठी नामांकित होते. पडद्यावरचा राजवाडा खरा आहे असे कोणाही प्रेक्षकाला वाटले नाही, आणि वाटावे अशी कोणाची अपेक्षाही नव्हती. तो एक करार होता. गंमत अशी की, हेच बाबूराव पुढे चित्रपटाकडे वळले, १९२० साली त्यांनी 'सैरंध्री' काढला आणि १९२५ च्या 'सावकारी पाश'मध्ये तर रंगवलेल्या राजवाड्यांचे जग मागे टाकून शेतकऱ्याची खरी वाटणारी झोपडी कॅमेऱ्यापुढे आणली. कॅमेऱ्यापुढे रंगवलेला देखावा फार काळ टिकत नाही, हे त्या कलावंताने शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते. म्हणून घरच्या पडद्यावर देखावा नको, पुस्तकांची कपाटे छापलेली नकोत. एकरंगी, बिनचमकीचे कापड हवे.

आता हा पडदा प्रत्यक्षात कसा उभा राहतो ते पाहू. कारण त्याच्यातली खरी गोम तिथेच आहे.

परदेशी सूचना वाचून काम करणारा माणूस पडदा पाठीमागच्या भिंतीलगत टांगतो. आपल्या दहा-बारा फुटांच्या खोलीत त्याने काहीच साधत नाही, कारण भिंत आणि खुर्ची यांच्या मध्ये सगळे घर वावरत असते. पडदा माणसाच्या पाठीशी आणि घराच्या अलीकडे यायला हवा, म्हणजे तो छतालाच टांगला पाहिजे. इथे पहिला अडथळा येतो तो पंख्याचा. खोलीच्या मधोमध चार फूट व्यासाचा पंखा फिरत असतो, आणि सरळ भिंतीकडे तोंड करून बसले तर पडद्याची जागा नेमकी पात्यांच्या वर्तुळात येते. यातून मार्ग निघतो तो कोपऱ्याचा. टेबल कोपऱ्यात तिरपे ठेवायचे, कोपऱ्याकडे तोंड करून बसायचे आणि पाठीमागे, पंख्याच्या पात्यांपासून वीतभर अंतर राखून, पडदा तिरपा सोडायचा. शाळेत शिक्षा म्हणून कोपऱ्यात उभे केलेल्या मुलाची आठवण होईल, पण हिशोब जमतो. कॅमेऱ्यापासून माणूस दोन फुटांवर, त्याच्यामागे अडीच फुटांवर पडदा. अंतर याहून कमी केले तर माणसाची सावली कापडावर पडते आणि पोलीस ठाण्यातील छायाचित्रासारखा देखावा होतो. कॅमेऱ्याची नजर साधारण साठ अंशांत पसरते असे धरले, तर साडेचार फुटांवर ती सव्वापाच फूट रुंदी व्यापते. तेव्हा पडदा सहा फूट रुंद पुरे. उंचीचे तर आणखी सोपे आहे. बसलेल्या माणसाच्या चौकटीत जमिनीपासून अडीच फुटांखालचे काहीच येत नाही. पडदा दोन फूट वरच थांबवला तरी चालतो. खालून हवा खेळते, मांजर जाते, रांगते मूलही जाते.

कापडाची निवड करताना पन्हा पाहावा. नेहमीचे कापड साठ इंच पन्ह्याचे, म्हणजे पाच फुटांचे. त्याला जोड द्यावा लागतो आणि मधोमध आलेली शिवण कॅमेऱ्यात उठून दिसते. चादरीचे नव्वद इंची कापड घेतले की हा प्रश्न सुटतो. इचलकरंजी-सोलापूरची माणसे यापेक्षा चांगला सल्ला देतील. मांजरपाट स्वस्त पडतो आणि चमकत नाही, मात्र तो आधी धुऊन, आटवून, रंगवून घ्यावा लागतो. रंगाच्या बाबतीत दोन गैरसमज आहेत. पहिला, की पडदा हिरवाच हवा. हिरवा पडदा लागतो तो मागाहून दुसरे चित्र चिकटवण्यासाठी. मानवी त्वचेत हिरवा रंग फारसा नसतो, आणि आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांतील प्रकाश टिपणारे निम्मे कण हिरव्याच रंगाचे असतात, म्हणून यंत्राला तो वेगळा काढणे सोपे जाते. ज्याला समुद्रकिनारा नको आहे त्याला हिरवा पडदाही नको, उलट त्याची हिरवी झाक गालांवर पडून निरोगी माणूस काविळीतून उठल्यासारखा दिसतो. दुसरा गैरसमज पांढऱ्याविषयी. कॅमेरा चौकटीतला सरासरी उजेड मध्यम राखण्याचा प्रयत्न करतो. मागे पांढरेशुभ्र कापड आले की तो सगळेच चित्र काळवंडवतो, आणि आपले सावळे चेहरे अधिकच अंधारात जातात. करडा, मळकट निळा, गेरूच्या जवळचा तपकिरी, हे रंग या कामाला उत्तम.

कापड वर एका पोकळ नळीवर गुंडाळले जाते. नळी अॅल्युमिनियमची आणि चांगली जाड, चार सेंटिमीटर व्यासाची तरी असावी. बारीक नळी मध्ये लवते आणि कापडावर दोन्ही बाजूंनी मध्याकडे उतरणाऱ्या सुरकुत्या पडतात. नळी पाणसळ लावून बसवावी आणि कापड गुण्यात कापावे. अर्धा इंचाचा फरक राहिला तरी कापड दर खेपेला एका बाजूला सरकत जाते आणि महिन्याभरात कडा ब्रॅकेटला घासून फाटतात. खालच्या कडेला नेफा शिवून त्यात आठ मिलिमीटरचा लोखंडी गज घालावा. पंख्याच्या वाऱ्याने पडदा फडफडू नये यासाठी हे वजन लागते. हे न केल्यामुळे कित्येकांचे पडदे बैठक चालू असताना शिडासारखे फुगतात.

मोटरीची लोकांना उगीच भीती वाटते. हिशोब करून पाहावा. सहा फूट रुंद आणि साडेसात फूट लांब, मध्यम जाडीचे कापड सुमारे आठशे ग्रॅम भरते. गज सातशे ग्रॅमचा. एकूण दीड किलो. नळीची त्रिज्या दोन सेंटिमीटर धरली तर हे वजन उचलायला जेमतेम ०.३ न्यूटन-मीटर एवढा पीळ पुरतो. नळीच्या पोटातच बसणाऱ्या ज्या मोटरी खिडक्यांच्या पडद्यांसाठी बाजारात मिळतात, त्या याहून कितीतरी अधिक जोर लावतात. मिनिटाला तीस फेऱ्यांच्या गतीने पडदा पस्तीस-छत्तीस सेकंदांत वर जातो. वर आणि खाली कुठे थांबायचे ते त्या मोटरीत आधीच ठरवून ठेवता येते. जोडकाम करणाऱ्या हौशी विद्यार्थ्यांनी मोटारीच्या काचेवरचा वायपर फिरवणारी बारा व्होल्टची मोटर वापरावी. भंगार बाजारात ती मिळते आणि तिच्यात मळसूत्री दातेचाक असते. या चाकाचा गुण असा की, मोटर नळीला फिरवते, पण नळी मोटरीला फिरवू शकत नाही. त्यामुळे वीज गेली तरी पडदा आहे तिथेच राहतो, धाडकन डोक्यावर येत नाही. मात्र थांबण्याच्या जागी स्विच बसवायला विसरू नये, नाहीतर मोटर गज ओढून नळीत घुसवील. घरच्या २३० व्होल्टच्या विजेवर चालणारी मोटर घेतली तर मात्र स्वतःचे कौशल्य बाजूला ठेवून वायरमनला बोलवावे आणि अर्थिंग पाहून घ्यावे. अशा मोटरी तीन-चार मिनिटे सतत चालल्या की तापून आपोआप काही काळ बंद पडतात, हेही सांगून ठेवतो. कारण रिमोट पहिले दोन दिवस घरातल्या लहान मुलांच्याच ताब्यात राहणार, आणि पडदा नेमका कॉलच्या वेळी अर्ध्यावर अडकणार.

हे सगळे खरे, पण मोटरच का? दोरी आणि कप्पी का नको? नाटकाचा दर्शनी पडदा तर वर्षानुवर्षे माणसेच ओढीत आली. हा आक्षेप रास्त आहे, आणि ज्याला मोटर परवडत नाही त्याने दोरीच लावावी. लहान मूल असलेल्या घरात लोंबती दोरी गळ्याला फास बसण्याच्या दृष्टीने धोक्याची असते आणि अमेरिकेत २०१८ च्या अखेरीस तयार विकल्या जाणाऱ्या खिडकीच्या पडद्यांसाठी दोरी नसावी असे मानक ठरले, एवढे मात्र लक्षात असू द्यावे. परंतु मोटरीच्या बाजूचे खरे कारण वेगळे आहे. पडदा खाली सोडायला कोणीच आळस करीत नाही, कारण समोर साहेब किंवा प्राध्यापक वाट पाहत असतो. आळस होतो तो पडदा वर घेताना. एक कॉल संपला, दुसरा तासाभराने आहे, मग राहू दे पडदा. संध्याकाळी पुन्हा एक आहे, मग उद्याच काढू. अशा रीतीने कोपरा हळूहळू कार्यालयाचा होतो आणि मग घरचे लोकही तिथे जाणे सोडतात. दहा फुटांच्या खोलीतला एक कोपरा म्हणजे घराचा पाचवा हिस्सा. भाडे घरच्यांचे, ताबा कंपनीचा. पस्तीस सेकंदांत, खुर्चीतून न उठता, पडदा वर जात असेल तर तो वर जातो. या यंत्राची सगळी किंमत त्या वर जाण्यात आहे. विवाहात अंतरपाट धरतात तो दूर करण्यासाठीच धरलेला असतो. कोणी तो मंडपात कायमचा टांगून ठेवीत नाही.

काही विचारवंत मंडळी यावर म्हणतात की, हा सगळा गरिबी लपवण्याचा प्रकार आहे. आपले घर आहे तसे दिसू द्यावे, ओशाळण्याचे काय कारण? या म्हणण्यात एक प्रकारचा स्वाभिमान आहे आणि तो ज्याचा त्याने जरूर बाळगावा. पण घर दाखवायला न लाजणे आणि घर दाखवण्याची सक्ती असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. पाहुण्याला आपण होऊन आत बोलावणारा यजमान आणि झडती देणारा इसम यांच्यात जो फरक आहे तोच इथे आहे. आणि झडती हा शब्द मी अतिशयोक्तीने वापरलेला नाही. अमेरिकेतील ओहायो राज्यात क्लीव्हलँड स्टेट विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्याला २०२१ साली घरून रसायनशास्त्राची परीक्षा देण्यापूर्वी कॅमेरा फिरवून आपली सगळी खोली परीक्षकाला दाखवायला सांगण्यात आले. खोलीत त्याची औषधे होती, कराची गोपनीय कागदपत्रे होती. तो न्यायालयात गेला, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये तेथील संघीय न्यायालयाने निकाल दिला की, सरकारी विद्यापीठाने अशी खोली पाहणे ही अवाजवी झडती असून ती राज्यघटनेच्या चौथ्या दुरुस्तीशी विसंगत आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात नेदरलँड्समधील न्यायालयाने दिवसभर कॅमेरा चालू ठेवण्यास नकार दिला म्हणून बडतर्फ झालेल्या एका कर्मचाऱ्याच्या बाजूने कौल दिला. पोर्तुगालने २०२१ च्या अखेरीस कायदाच केला आणि घरून काम केल्याने वाढणारा खर्च मालकाने सोसावा असे त्यात घातले.

आपल्याकडे काय? खासगीपणा हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदाखालील मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितले. त्या निकालाचा गौरव करणारी व्याख्याने आपल्या विधी महाविद्यालयांतून झाली. आणि त्यानंतर तीनच वर्षांत, घरून होणाऱ्या परीक्षांच्या वेळी, मुलींना खोलीभर कॅमेरा फिरवून दाखवायला लावताना पुष्कळ ठिकाणी कोणाला त्या निकालाची आठवण झाली नाही. कॉपी होऊ नये ही चिंता खोटी नाही. पण तिचा उपाय प्रश्नपत्रिका अशी काढणे हा आहे की जिची उत्तरे पुस्तक उघडून सापडू नयेत. ते कष्टाचे काम आहे. विद्यार्थ्याच्या घरात डोकावणे सोपे आहे, म्हणून ते केले जाते.

खर्चाचा प्रश्नही उरतोच. कार्यालयात कर्मचारी बसवायचा तर संस्थेला जागा, टेबल, वीज, पंखा आणि भिंत द्यावी लागते. तोच कर्मचारी घरून काम करू लागला की हा सगळा खर्च मुकाट्याने त्याच्या घरावर येतो, आणि त्यातला सर्वांत महाग भाग, म्हणजे जागा, कोणत्याच हिशोबात धरला जात नाही. मुंबई-पुण्यात तीस चौरस फुटांची किंमत काय होते हे वाचकांना सांगायला नको. ज्या संस्था आठवड्यातून दोन-तीन दिवस घरून काम घेतात आणि कॅमेरा चालू ठेवण्याचा आग्रह धरतात, त्यांनी निदान पडदा, नळी आणि मोटर यांचा खर्च तरी उचलावा. ही मागणी कर्मचारी संघटनांच्या मसुद्यांत महागाई भत्त्याच्या शेजारी बसण्याइतकी मोठी नसेल. पण त्यांच्या यादीत ती नसावी, हे मात्र आश्चर्याचे आहे.

विद्यापीठांना तर पैशाचीही सबब सांगता येणार नाही, कारण त्यांच्याकडून जे हवे आहे त्याला खर्च नाही. विद्यार्थी किंवा शिक्षक साध्या कापडापुढे बसला तर ते ग्राह्य मानले जाईल, खोली फिरवून दाखवण्यास कोणालाही सांगितले जाणार नाही, आणि ज्याच्या घरी पडद्याचीही सोय नाही त्याला तोंडी परीक्षेखेरीज कॅमेरा बंद ठेवून आवाजावर हजर राहता येईल, एवढ्या तीन वाक्यांचे परिपत्रक पुरेसे आहे. तंत्रनिकेतने आणि आय. टी. आय. यांनी वायरमन व फिटरच्या विद्यार्थ्यांकडून कार्यशाळेतला सराव म्हणून असे पडदे करून घेतले आणि ते जवळच्या महाविद्यालयांतील एका खोलीत राहणाऱ्या मुलांना वापरायला दिले, तर नळी पाणसळीत कशी धरावी आणि लिमिट स्विच कुठे बसवावा हे त्या मुलांना खोट्या नमुन्यांपेक्षा लवकर समजेल. कापड, नळी आणि मोटर यांतले काहीच दुर्मीळ नाही. पुढच्या सत्राच्या परीक्षांचे वेळापत्रक लागण्यापूर्वी ते परिपत्रक निघायला हरकत नाही.